शेवटच्या बांधीपासून

बाबा, ज्या क्षणी मी ते जर्नल परीक्षकांच्या टेबलावर आपटून मिटलं, त्याच क्षणी माझं सगळं फिरलं. त्याच्या आधी मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, भंडाऱ्याच्या कॉलेजात, आणि वर्गात एक मुलगी होती जिच्या बाजूची खुर्ची मिळावी म्हणून मी अर्धा तास आधीच लॅबसमोर जाऊन उभा राहत होतो. त्याच्या नंतर मी कोणीच नव्हतो. तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आता चोविसावं चालू आहे. आज आठच्या बसनं मला भंडाऱ्याला जायचं आहे, तीच प्रॅक्टिकल परत द्यायला, आणि नियमाप्रमाणे ही माझी शेवटची संधी आहे. आज गेली तर ॲडमिशनच रद्द, पहिल्या वर्षापासूनचं सगळं पाण्यात. परीक्षकही तेच येणार आहेत म्हणे. आई पहाटेच मोहफुलं वेचायला गेली. सव्वासहा झाले आहेत, आणि वाचायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलो आहे.

प्रश्न तसा लहानच होता. डब्यांची एक साखळी समजा. प्रत्येक डब्यात एक आकडा, आणि त्याच्या पुढचा डबा कुठे आहे त्याची खूण. पहिल्याला फक्त दुसरा माहीत, दुसऱ्याला फक्त तिसरा. पूर्ण यादी कोणाजवळच नाही, आणि शेवटच्याच्या पुढे कोणी नाही. कॉम्प्युटरच्या पुस्तकात याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. ती उलटी करायची, म्हणजे शेवटचा पहिला झाला पाहिजे आणि पहिला शेवटचा. जर्नलात पाच डब्यांचं उदाहरण होतं, ते मी घोकून गेलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रश्नाच्या चिठ्ठीवर पेनानं दोन शब्द वाढवले, 'कितीही लांबीची'. माझी पाचाची घोकंपट्टी तिथेच बुडाली. मी शंभर खणांचा एक ॲरे घेतला, सगळे आकडे त्यात ओतले, मागून काढून परत डब्यांत भरले. स्क्रीनवर उलटं छापून आलं. मला वाटलं, निभावलं.

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि एकशे एकावा आला तर?"

"येतच नाही सर," मी म्हटलं. "कोण टाकते एकशे एक?"

मागे दोघंजण हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी माझं जर्नल उघडलं, चारदोन पानं उलटली, मग बाजूच्या मशीनवर ती मुलगी बसली होती, तिचं जर्नल ओढून माझ्या जर्नलाशेजारी ठेवलं. अक्षर एकच. तेच गोल वळण, सातच्या आकड्यावर तीच आडवी रेघ. लिहून दे म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो, एक आठवडाभर. तिनं लिहून दिलं होतं, आणि प्रत्येक पानाला ओरडली होती की समजून घे, नुसतं लिहून काय फायदा. आता परीक्षकांनी तिला विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?" ती उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. "हो सर," ती म्हणाली, "पण..."

मी तेवढंच ऐकलं, बाबा. 'हो' ऐकलं आणि माझ्या कानात जाळ झाला. मी जर्नल हिसकलं, त्यांच्यासमोर आपटून मिटलं आणि सगळ्या लॅबसमोर तिला म्हटलं, "झालं समाधान? बस आता सरांच्याच बाजूला. तुझा माझा विषय संपला." दार असं ओढलं की वरची काच खळखळली. कॉरिडॉरमध्ये वाटत होतं की ती मागून येईल. जिन्यापर्यंत मी मुद्दाम हळू चाललो. कोणी आलं नाही, आणि मग मी थांबलोच नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो नाही, आणि एकदा लाज चढली की पाय उचलणंच बंद होते. आईला सांगितलं, तिथे शिकवतच नाहीत.

चार वर्षं झाली. मोहाडीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या एका दुकानात बसतो. दाखले, पीक विमा, पोरापोरींचे परीक्षेचे अर्ज. ती करडी गावची. करडीचं कोणी आलं की त्याचा फॉर्म मी हळू भरतो, गावाचं नाव टाइप करायला जितका वेळ लावता येईल तितका लावतो. एकदा तर तिच्याच शेजारचे एक गृहस्थ होते, त्यांना मी चहा पाजला, पंख्याखाली बसवलं, आणि तिचं नाव काही तोंडातून निघालं नाही. ते म्हणाले, "पोट्टा मोठा गुणी हाय." ती आता नागपूरला नोकरीला आहे हे मला तिच्या गावातल्या दुसऱ्याच एका मुलीच्या फॉर्मवरून कळलं.

गेल्या महिन्यात कॉलेजचं पत्र आलं, शेवटच्या संधीचं. त्यानंतर आठ दिवस मी जुनं जर्नल घेऊन बसलो, आणि आठ दिवस तिथेच अडकलो जिथे चार वर्षांपूर्वी अडकलो होतो. कारण जर्नलाची शेवटची तीन पानं माझ्या अक्षरात आहेत. ॲरे न घेता उलटवायचा मी प्रॅक्टिकलच्या आधी सात वेळा प्रयत्न केला होता, खोडून खोडून. दर वेळी एकच व्हायचं. पहिल्या डब्याची खूण मी मागे फिरवायचो, आणि स्क्रीनवर एकच आकडा छापून प्रोग्राम थांबायचा. बाकीचे डबे कुठे जात होते हे मला कळत नव्हतं. शेवटी मागच्या रविवारी मी तिला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. प्रोग्रामचं विचारायचं ठरवलं होतं, तोंडातून दुसरंच निघालं.

"त्या दिवशी 'पण'च्या पुढं तू काय म्हणणार होतीस?"

फोन कटला की काय म्हणून मी स्क्रीन पाहिली.

"हे विचारायले तुले चार वर्षं लागले?"

"लागले."

"म्हणणार होती, पण शेवटचे तीन पानं पाहा सर, ते त्यानं स्वतः लिहिले. पुरं जमलं नाही, पण तो भिडून राहिला आहे. तेवढंच म्हणायचं होतं. तू जर्नलच बंद करून टाकलं."

मी जर्नलाची शेवटची तीन पानं उघडली. मग सांगितलं की मी अजून तिथेच अडकलो आहे. ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुझं तेच आहे ना. आधी फिरवतो, मग विचारतो. प्रोग्राममध्येही आणि बाहेरही." मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मले पाहायले लोक येऊन राहिले." मी "बरं" म्हटलं. फोन मीच ठेवला.

पण तिचं ते वाक्य, बाबा, मी आधी ऐकलं होतं. तुमच्या तोंडून, मिशीवाल्या काकांच्या घराकडे जाताना रस्त्यावर.

तुमचं पाणकरकीचं ते पहिलंच वर्ष. म्हातारे पाणकर उन्हाळ्यात वारले आणि गावानं तलावाचं पाणी सोडायचं, वाटायचं काम तुम्हाला दिलं. आपल्या बौद्ध मोहल्ल्यातला माणूस तुडुमावर, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारावर, हात ठेवेल हे गावातल्या काही जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. पाळीची रीत जुनीच होती. कागद नव्हता. कागद केला की भांडणं होतात म्हणून तो कोणी करूच देत नव्हतं. पाटाच्या कडेनं बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची वावरं होती, तुडुमापासून खाली नाल्यापर्यंत. ज्याची बांधी भरली त्यानं बांधीचं पाटाकडचं तोंड बुजवायचं आणि आपल्या नंतरच्याला जाऊन हाक मारायची, "माहं झालं गा, आता तुही पाळी." बस. प्रत्येकाला आपल्या नंतरचा माहीत असला की झालं. आणि हा नंतरचाही दर वर्षी बदलायचा. कोणी बांधी ठेक्यानं द्यायचा, भाऊ वेगळे व्हायचे, रोवणीला मदत केली म्हणून कोणी आपली पाळी कोणाशी बदलायचा. पूर्ण रांग कोणाच्याच डोक्यात नव्हती. तुमच्याही नाही, तुम्ही तर नवेच.

त्या आश्विनात धान निसवायला, लोंब्या धरायला आलं आणि तलाव तळाला गेला. पहिल्यापासून पाणी सोडलं तर शेवटच्या बांध्यांपर्यंत पोचणारच नाही, म्हणून तलावाच्या पारीवर, बांधावर, बैठक झाली आणि ठरलं, यंदा पाळी उलटी. शेवटच्या बांधीपासून सुरू. ठरवणारे ठरवून घरी गेले. रांग उलटवायची कशी, ते तुमच्यावर आलं. मी बारा वर्षांचा, शाळेला सुटी, तुमच्या मागे निघालो. पहिल्या घरी तुम्ही बसलात, पाणी प्यालात आणि आधी विचारलंत, "तुमी तुमच्या नंतर कोनाले हाक मारता जी?" त्यानं नाव सांगितलं. ते नाव तुम्ही मनात धरलंत आणि मग म्हणालात, "यंदा कोनालेच मारू नका. तुमचं झालं का तुडुम बंद." तो कुरकुरला, पण नाव तर तुमच्या हातात आलं होतं. दुसऱ्या घरी तेच. आधी त्याच्या पुढचं नाव, मग सांगणं, "यंदा तुमचं झालं का त्या पहिल्याले हाक मारजा." रस्त्यावर तुम्ही मला म्हणालात, "बाबू, आधी इचारा लागते, मंग सांगा लागते. सांगितलं का मानूस तापते. तापला का मंग पुढचं नाव देत नाही."

तिसरं घर मिशीवाल्या काकांचं. ते बैठकीला नव्हते, तुमसरला लग्नाला गेले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. खाटेवर बसून ते लाखोळीची डाळ पाखडणाऱ्या गड्याला काही सांगत होते. तुम्ही अंगणात पाय ठेवला तशी त्यांची नजर खाली गेली.

"काहून गा, पाणकर झाला म्हून आता चपला घालून येशीन काय अंगनात?"

"काढतो जी," तुम्ही म्हणालात, आणि हसत हसत काढल्या. दारापाशी नेऊन ठेवल्या, जोडीनं. परत येऊन तुम्ही तोंड उघडणार तेवढ्यात मी बोललो. "काका, यंदा पाळी उलटी झाली. तुमच्या नंतरच्याले हाक मारायची नाही आता, तो तुमाले मारीन. तुमचं पाणी शेवटून तिसरं."

ते उठले. त्यांची मान लाल झालेली मला आठवते. "मंग त्यालेच जाऊन इचार ना, कोन हाय तो. माह्या तोंडून नाव निघनार नाही." आत गेले आणि दार लावून घेतलं. पाखडणारा गडी सूप घेऊन तसाच बसून राहिला.

तिथून पुढची सगळी रांग आपल्या हातून गेली. यंदा त्यांनी पाळी कोणाशी तरी बदलली होती, एवढंच लोक सांगत. कोणाशी, ते ज्यांना माहीत होतं तेही "त्यालेच इचारा बाप्पा" म्हणत आणि दुसऱ्या कामाला लागत. दोन दिवस तुम्ही घरोघर फिरलात. रांग जुळल्याशिवाय पाणी सोडता येत नव्हतं, म्हणून दोन दिवस तुडुम बंद. नाल्याजवळची शेवटची बांधी एका म्हातारीची होती, एकटी बाई. तिच्या बांधीत माझा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ती धुऱ्यावर, बांधीच्या कडेला बसून म्हणाली, "पानी उलटं येनार होतं म्हने. येऊ दे ना बाप्पा, उलटं येऊ दे नाही तं सुलटं, पन येऊ दे." तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं होतं घरी गेल्यावर मार बसेल. आईनं डाळभात वाढला, तुम्ही जेवला नाहीत. ते मारापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घेऊन परत त्या अंगणात गेलात. या वेळी कोणी म्हणायच्या आधीच चपला दाराबाहेर काढल्या. खाटेसमोर उकिडवे बसलात. "चूक माही झाली जी. आधी इचाराचं होतं, मंग सांगाचं होतं. पोराले काही समजत नाही, ते मीच त्याले शिकवलं नाही. तिकडं त्या बाईचं धान मरून राहिलं." काकांनी बाहेरच्या बैलांकडे पाहिलं. मग नाव सांगितलं. एका शब्दात, तुमच्याकडे न पाहता. तुम्ही ते धरलंत, मग हळूच म्हणालात, "तुमचं झालं का त्या दुसऱ्या घराले हाक मारजा जी." आणि उठलात. चौथं घर, पाचवं घर. मागे कोण, आत्ता कोण, पुढे कोण, ही तीनच नावं तुमच्या डोक्यात. पुढचं आधी धरायचं, मग समोरच्याला मागे फिरवायचं, मग एक घर पुढे सरकायचं. एकूण घरं किती, हे तुम्ही कोणालाच विचारलं नाहीत. त्याची गरजच नव्हती. शेवटी म्हातारीच्या दारात उभे राहिलात आणि विचारलंत, तुझ्या नंतर कोण. ती म्हणाली, "माह्या नंतर कोन असन, माह्या नंतर तं नाला हाय." तुम्ही म्हणालात, "मंग यंदा तूच पहिली, माय. चाल तुडुमावर."

तिचं अर्धं धान पोचट निघालं. पाणी दोन दिवस उशिरा पोचलं म्हणून.

मागच्या रविवारी फोन ठेवल्यावर मी त्या तीन पानांच्या खाली लिहायला बसलो. आधी पुढच्या डब्याची खूण बाजूला धरून ठेवायची. मग समोरच्या डब्याची खूण मागच्याकडे फिरवायची. मग मागचा म्हणजे समोरचा झाला, समोरचा म्हणजे धरून ठेवलेला. पुढे कोणी उरला नाही की थांबायचं, आणि ज्याच्या दारात आपण शेवटी होतो तोच आता पहिला. चार ओळी झाल्या, बाबा. पाच डबे दिले, चालल्या. एकशे एक दिले, चालल्या. एकच दिला, तरी चालल्या. मी सात वेळा जे करत होतो ते मला दिसलं. पुढचं नाव हातात न घेताच मी पहिल्याला फिरवत होतो, आणि पुढची सगळी गर्दी अंधारात हरवत होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला त्या म्हातारीच्या बांधीतल्या भेगा दिसल्या.

आता साडेसात होऊन गेले. प्रोग्राम येतो. भीती त्याची नाही. भीती ही आहे की ते परीक्षक चष्म्यावरून पाहतील, जर्नलावरून काही बोलतील, मागे दोघं हसतील, आणि माझ्या कानात परत जाळ होईल. नवं जर्नल मी पूर्ण स्वतः लिहिलं आहे, अक्षर कोंबडीचे पाय, पण माझं. आज त्यांनी काही म्हटलं तर मी आधी त्यांनाच विचारणार आहे, सर, तुम्हाला काय म्हणायचं आहे. आणि बाहेर आलो की, पास होवो न होवो, तिला फोन लावणार आहे. उद्या रविवार. त्या दिवशी ती म्हणाली लोक येऊन राहिले, आणि मी "बरं" म्हटलं. तुझ्या मनात काय आहे, हे विचारलंच नाही. उत्तराची भीती वाटली म्हणून नाही विचारलं.

ही पानं मी जुन्या जर्नलाच्या मागच्या बाजूनं फाडून घेतली आहेत, आईच्या पेटीत तुमच्या टोपीखाली ठेवून जातो. तुम्हाला पोचणार नाहीत हे मला कळते. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मी त्या परीक्षकांसमोर उभा राहू शकत नाही. त्या दिवशी अंगणात तुम्ही म्हणालात, पोराला काही समजत नाही. मला समजत होतं. पाचच मिनिटं आधी तुम्ही रस्त्यावर सांगितलं होतं, आणि ते माझ्या पूर्ण लक्षात होतं. तुम्ही चपला काढून दारापाशी जोडीनं ठेवल्या, ते मी पाहिलं, आणि त्या माणसाचा चेहरा उतरलेला पाहायचा म्हणून मी जाणूनबुजून आधी सांगितलं. तुम्ही माझ्यासाठी उकिडवे बसलात तेव्हाही मी गप्प राहिलो.

चपला घालतो. आपलं दार अजून खाली घासते, तुम्ही उचलून लावत होता. मी बाहेर पडतो, दार दोन्ही हातांनी उचलतो, आणि आवाज न करता लावून घेतो.